फॉर्म पोरांचा, धाकधूक आपली

फेब्रुवारी लागला की आपल्या खापर गावात बारावीचं मूल असलेल्या घरात एकच चौकशी सुरू होते. नीटचा फॉर्म आला का? भरला का? कोणाकडून भरला? किराणा दुकानात, एसटीची वाट बघताना, दळण टाकायला गेलं तरी तेच. माझी मुलगी बारावीला होती तेव्हा मलाही रस्त्यात थांबवून लोक आधी हेच विचारायचे. पोरगी जेवते का, झोपते का, हे कोणी विचारत नव्हतं. घरी आम्हीही फारसं विचारत नव्हतो.

त्या दिवसांबद्दल जरा बोलावंसं वाटतं. यात कोणाला शिकवण्यासारखं काही नाही. पुढच्या वर्षी ज्यांच्या घरात हे व्हायचंय, त्यांच्याजवळ मन मोकळं करावं, एवढंच.

आपलं मूल डॉक्टर व्हावं असं आपल्याला वाटतं ते नुसत्या मानासाठी नाही, हे मला आधी म्हणायचंय. आपण इथे राहतो. मोलगीच्या पलीकडच्या पाड्यांवरून बाळंतिणीला झोळीत घालून खाली आणतात, हे आपण ऐकत-बघत आलोय. नर्मदाकाठच्या गावांना बोटीवरचा दवाखाना लागतो. म्हातारी आजी भिलीत सांगते, डॉक्टरसाहेबांना कळत नाही, मग नर्सबाई मध्ये उभी राहून समजावते. आपल्या बोलीतलं दुखणं समजणारा डॉक्टर आपल्याच घरातून निघावा असं वाटण्यात चूक काय आहे? काही नाही.

शिवाय 2020 मध्ये नंदुरबारलाच सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं, शंभर जागांचं. त्याआधी राज्यातलं जवळचं सरकारी कॉलेज म्हणजे धुळ्याचं. आता जाता-येता पोरं पांढरे कोट घातलेली दिसतात. स्वप्न उंबऱ्याशी आलं. पण उंबऱ्याशी आलं म्हणून पोरांवरचा भारही वाढला. ‘अमक्याच्या भाच्याचा लागला नंबर, मग तुझा का नाही लागणार?’ हे वाक्य आपल्यापैकी कोणी बोललं नसेल असं मला वाटत नाही.

आता फॉर्मच्या दिवसांचं वेळापत्रक बघा. 2025 मध्ये नीटचे फॉर्म 7 फेब्रुवारीला सुरू झाले आणि 7 मार्चला बंद झाले. बोर्डाची बारावीची परीक्षा 11 फेब्रुवारीला सुरू झाली. म्हणजे पोर सकाळी फिजिक्सचा पेपर देऊन येतंय, आणि संध्याकाळी आपण त्याच्यासमोर आधार कार्ड आणि जातीचा दाखला घेऊन बसतोय. त्यातच 26 फेब्रुवारीला महाशिवरात्र, म्हणजे देवमोगऱ्याची यात्रा. घरात पाहुणे, अर्धं गाव सागबाऱ्याच्या वाटेला. यात्रा आटोपली की होळीची तयारी, काठीच्या राजवाडी होळीला जायचे बेत. घरचं माणूस दमलेलं असतं, शेतातली कामं थांबत नाहीत, आणि नेमकी तेव्हाच ही मुदत.

मग आपण काय करतो? ‘आण तो आधार इकडे. मी देऊन येतो कॅफेवर. तू अभ्यास कर.’ मायेनेच म्हणतो. पोराचा वेळ वाचावा म्हणून म्हणतो. कॅफेवर गर्दी असते. तिथला दादा बिचारा सकाळपासून तेच रकाने भरतोय. तो भराभरा विचारतो, आपण भराभरा उत्तरं देतो. माध्यम कोणतं? ‘टाका इंग्रजी.’ शहर? ‘टाका कुठलंही जवळचं.’ मोबाइल? ‘माझाच टाका.’ झालं. पोराच्या आयुष्यातला एवढा मोठा कागद, आणि त्यातला एक शब्दही त्याने लिहिलेला नसतो.

मला वाटतं, दुखतं ते इथेच. मुलगी एकदा मला म्हणाली, ‘मम्मी, फॉर्म तुम्ही भरला, क्लास तुम्ही निवडला, आता पेपर तेवढा मी द्यायचा का?’ रागाने नाही म्हणाली. सहज म्हणाली. तिला काय म्हणायचंय ते मला नंतर हळूहळू उमगलं. परीक्षा तिची होती आणि तीच त्यात पाहुण्यासारखी वावरत होती.

म्हणून एक सुचवते. एक संध्याकाळ काढा. पेपर नसेल त्या दिवशीची. टीव्ही बंद ठेवा. कागदपत्रं सतरंजीवर मांडा, आणि फॉर्म आधी साध्या वहीच्या कागदावर पोरालाच भरू द्या. आपण नुसतं शेजारी बसायचं. विचारलं तर सांगायचं. मग तो कागद घेऊन कॅफेवर दोघांनी जायचं. अंगावरच्या कपड्यानिशी निघालात तरी चालेल, पण पोर बरोबर हवं.

त्या संध्याकाळी काही गोष्टी आपोआप समोर येतील. पहिली गोष्ट मोबाइल नंबरची. आपल्या भागात ही फार अवघड जागा आहे. कित्येक बाप तेव्हा ऊसतोडीला बारडोलीकडे असतात. फॉर्ममध्ये नंबर त्यांचा, ओटीपी जातो फडावर, आणि तिथे फोन एक तर चार्ज नसतो नाहीतर कोयत्याच्या पिशवीत पडलेला असतो. इकडे कॅफेत पोरगं ताटकळतंय, मागे रांग वाढतेय, आणि ते सारखं फोन लावतंय: ‘बाबा, मेसेज आला का? आकडा सांगा ना, बाबा.’ तिकडे बापाला मेसेज उघडता येत नाही, शेजारच्या टोळीतलं एखादं शिकलेलं पोर शोधावं लागतं. तोवर ओटीपीची वेळ संपते. असं झालेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. तो मुलगा रडला नाही, पण घरी जाऊन जेवला नाही.

तेव्हा नंबर असा द्या, जो पोराच्या हातात असेल आणि वर्षभर रिचार्ज होत राहील. पुढे हॉल तिकीट, निकाल, राज्याची प्रवेशप्रक्रिया, सगळे मेसेज त्याच नंबरवर येतात. मुलीला फोन कशाला, असं घरात कोणी म्हणालं तर त्यांनाही हे समजावून सांगा. आधारला जुना, बंद पडलेला नंबर जोडलेला असेल तर तो डिसेंबर-जानेवारीतच बदलून घ्या.

दुसरी गोष्ट नावाची. आपल्याकडे हा घोळ पिढीजात आहे. इकडे वसावे, तिकडे गुजरातेत वसावा. पाडवी, पाडावी, पाडवे. शाळेत गुरुजींनी लिहिलं एक, आधारवाल्याने ऐकलं दुसरं. आपल्या पिढीत तर अर्ध्या वर्गाची जन्मतारीख 1 जून! पोरांचं नाव आणि जन्मतारीख तरी दहावीच्या प्रमाणपत्रावर आहे तशीच, अक्षर न अक्षर, फॉर्मवर येऊ द्या, आणि आधार वेगळं बोलत असेल तर ते आधी दुरुस्त करून घ्या. फॉर्म भरल्यावर दुरुस्तीला दोन-तीन दिवस मिळतात, 2025 मध्ये 9 ते 11 मार्च होते, पण सगळे रकाने त्यात उघडत नाहीत.

जातीच्या रकान्यात एक बारीक गोष्ट आहे. नीटच्या फॉर्मवर केंद्राचे प्रवर्ग असतात. महाराष्ट्रातले भटके-विमुक्त किंवा एसईबीसी असे वेगळे रकाने तिथे दिसणार नाहीत. ते राज्याच्या सीईटी सेलच्या नोंदणीत येतात. इतर मागासवर्गातल्या मुलांना नॉन क्रीमी लेयर लागतं, आणि देशपातळीवरच्या 15 टक्के जागांसाठी ते केंद्राच्या नमुन्यातलं असावं लागतं. फी सुद्धा प्रवर्गावर ठरते. 2025 मध्ये खुल्या गटाला 1700 रुपये होती, ओबीसी आणि ईडब्ल्यूएसला 1600, अनुसूचित जाती-जमातीला 1000. घरी मजुरीचे पैसे कधी हातात पडतात ते आपल्यालाच माहीत. शेवटच्या दिवसापर्यंत थांबायची वेळ पोरावर येऊ नये, म्हणून तेवढे पैसे जानेवारीतच बाजूला काढून ठेवता आले तर बरं.

मग फोटो आणि बोटांचे ठसे. पांढऱ्या पडद्यासमोरचा फोटो, दोन्ही कान दिसले पाहिजेत, केस मागे. पोरी वैतागतात, ‘मी किती वेगळी दिसतेय!’ म्हणतात. हसू द्या त्यांना जरा. दोन्ही हातांच्या सगळ्या बोटांचे ठसे कोऱ्या कागदावर घ्यायचे असतात. आमच्याकडे हे काम जेवणाच्या ताटाशेजारी झालं. शाईचं पॅड, पांढरा कागद, आधी डावा हात, एकेक बोट हलकेच फिरवून. दोन कागद वाया गेले, तिसऱ्यावर रेषा स्वच्छ उमटल्या. सासूबाई बघत होत्या. त्यांनी आयुष्यभर रेशन कार्डापासून बँकेपर्यंत अंगठाच लावला. त्या नातीला म्हणाल्या, ‘शिकूनबी अंगठाच लावता का गं?’ आणि ती म्हणाली, ‘आजी, तू एक लावायची, मला दहा लावायला सांगितलेत.’ त्या दिवसांत घरात मनमोकळं हसू उमटलं ते तेवढंच, म्हणून अजून लक्षात आहे.

माध्यमाबद्दल मात्र घाईत उत्तर देऊ नका. नीटचा पेपर तेरा भाषांत असतो, त्यात मराठी आहे. मराठी निवडलं की प्रश्नपुस्तिकेत मराठी आणि इंग्रजी दोन्ही असतं, आणि कुठे शंका आली तर इंग्रजी मजकूर प्रमाण धरतात. आपली बरीच मुलं दहावीपर्यंत आश्रमशाळेत मराठीतून शिकलेली असतात आणि अकरावी-बारावी सायन्स इंग्रजीतून. काहींना मराठी शेजारी असली की धीर येतो. काहींना ‘प्रकाशसंश्लेषण’पेक्षा ‘फोटोसिंथेसिस’च पटकन कळतं. हे फक्त पोरच सांगू शकतं. आपलं किंवा कॅफेतल्या दादाचं ते काम नाही. आणि आपण सीमेवरची माणसं. सुरतेला मामा आहे, तिथे सोय होईल म्हणून गुजरातेतलं केंद्र मनात आणत असाल, तर मराठीचा पर्याय महाराष्ट्रातल्या केंद्रांवरच मिळतो, हे ध्यानात असू द्या.

वैधता प्रमाणपत्राची काळजी फॉर्मच्याही आधीची आहे. नीटचा फॉर्म भरताना ते लागत नाही, म्हणून आपण विसरतो. पण राज्याच्या जागांवर जमातीच्या आरक्षणातून प्रवेश घ्यायचा तर जमात वैधता लागतेच, आणि समितीकडून ती यायला महिने जातात. वडिलांचा, आजोबांचा शाळेचा दाखला शोधावा लागतो. आजोबा शाळेतच गेले नसतील तर जुने महसुली कागद. अनुसूचित जमातीसाठी 6 सप्टेंबर 1950 च्या आधीचा पुरावा मोलाचा असतो. वडिलांकडच्या नात्यातल्या कोणाची वैधता आधीच झाली असेल तर काम पुष्कळ सोपं होतं, तेव्हा काकाकडे, चुलत्यांकडे विचारा. भावाभावांत बोलणं नसेल तरी या कारणासाठी जाऊन या. अकरावीतच अर्ज टाकला तर बारावीच्या मे-जूनमध्ये पोराच्या तोंडावर ती भीती दिसत नाही. निकाल चांगला लागूनही फायलीसाठी चकरा मारणाऱ्या मुलाचा चेहरा बघवत नाही हो.

या सगळ्या कागदांपेक्षा अवघड एक गोष्ट राहते. पोराला विचारायची. ‘तुला खरंच हे करायचंय ना?’

आपल्याला भीती वाटते. ते ‘नाही’ म्हणालं तर? क्लासला भरलेले पैसे, लातूरला ठेवलेलं वर्ष, नातेवाइकांत सांगून झालेलं. म्हणून आपण विचारतच नाही. पण विचारलं की बहुतेक वेळा ‘नाही’ येत नाही. येतं ते ‘करायचंय, पण भीती वाटते’. किंवा ‘करायचंय, पण फिजिक्स जमत नाही’. हे ऐकायला आपण तिथे असलो, एवढ्यानेच पोराच्या छातीवरचं ओझं उतरतं. लगेच उपाय सांगू नका. मलाही ते जड गेलं. जीभ सारखी सल्ल्याकडे धावायची.

आणि समजा, खरंच ‘नाही’ आलं, तर फॉर्म भरायच्या आधी आलं हे बरंच नाही का?

पुढे मे उजाडतो. 2025 ला परीक्षा 4 मे रोजी होती, दुपारी दोन ते पाच. आपल्याकडे तेव्हा आमचूरचा हंगाम. घरोघरी कैऱ्या सोलायच्या, फोडी करायच्या, छतावर, अंगणात वाळत घालायच्या. सगळ्यांचे हात त्यातच. बारावीच्या पोरालाही हाक जाते, ‘जरा पाटी उचल.’ त्याला तेवढे आठ दिवस सोडा. सोडलं तर सोडलं, मग ‘आम्ही उन्हात राबतो आणि हा सावलीत’ असं जाता-येता ऐकवू नका. पोरांना आपली मेहनत दिसते. तिची लाज त्यांना वाटत नाही, उलट तिचंच दडपण जास्त असतं.

गेट दीडला बंद होतं. अक्कलकुवा, तळोदा, तापी ओलांडून नंदुरबार, एवढं अंतर आणि मे महिन्याचं ऊन. शक्य असेल तर आदल्या रात्रीच नंदुरबारला नातेवाइकांकडे मुक्काम करा. सकाळच्या गाडीच्या भरवशावर राहिलात आणि गाडी वाटेत बंद पडली, तर पोराचं काळीज तिथेच अर्धं होतं. कपडे साधे, अर्ध्या बाहीचे, पायात चपला. कडं, गळ्यातलं, कानातलं घरीच काढून ठेवायला सांगा. गेटवर झडती घेताना दहा लोकांसमोर काढायला लावतात, त्याने मुली गांगरून जातात. हातातला देवीचा दोराही तिथे कापायला सांगू शकतात. तोही घरीच, देव्हाऱ्यासमोर, आजीच्या हातून सोडवून घेतला तर पोरीला वाईट वाटत नाही.

पाचला पोर बाहेर येतं. घामेजलेलं, तोंड सुकलेलं. आणि आपण काय विचारतो? ‘सगळा पेपर सोडवलास ना?’

इथे जरा थांबा. या परीक्षेत 180 प्रश्न, 720 गुण. बरोबर उत्तराला चार मिळतात, चुकलं तर एक कापला जातो, सोडून दिलं तर काहीच नाही. म्हणजे येत नसलेला प्रश्न सोडणारं पोर शहाणं असतं. आपण आपल्या काळच्या हिशेबाने विचारतो आणि त्याला वाटतं, आपलं काहीतरी चुकलंच. त्यापेक्षा उसाचा रस पाजा, काहीतरी खाऊ घाला. पेपरचं त्याला बोलायचं असेल तर ते वाटेत स्वतःच बोलेल. मोबाइलवर उत्तरं ताडून बघायची घाई बापालाच जास्त असते, असं मी बऱ्याच घरांत पाहिलंय.

निकाल जूनमध्ये लागतो. 2025 ला 14 जूनला लागला. बावीस लाखांवर मुलं परीक्षेला बसली होती. त्यातली बारा लाखांहून जास्त पात्र ठरली. पात्र होणं वेगळं आणि सरकारी एमबीबीएसची जागा मिळणं वेगळं, हे आधीच घरात बोलून ठेवलं की निकालाच्या दिवशी पेढे आणि रडणं एकाच वेळी होत नाही.

आणि याच एका परीक्षेच्या गुणांवर आपल्या राज्यात बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस, फिजिओथेरपी, पशुवैद्यकी यांचेही प्रवेश होतात. फार्मसीला एमएचटी-सीईटी असते, बीएस्सी नर्सिंगची सीईटी वेगळी असते, त्यांचे फॉर्म वेगळे भरावे लागतात. हे निकालानंतर ‘आता काय, काहीतरी घे’ म्हणून सांगितलं तर पोराला ती शिक्षा वाटते. फॉर्म भरायच्या त्या संध्याकाळीच, सतरंजीवर, सगळी नावं एकदा मोठ्याने घ्या. गुरांचा डॉक्टर आपल्या तालुक्यात किती लागतो, शिकलेली नर्स पाड्यावर किती मोलाची असते, हे आपल्यापेक्षा चांगलं कोणाला माहीत आहे?

एक वर्ष परत द्यायचं का, हा प्रश्नही येईल. नीटला वयाची वरची अट आता नाही आणि किती वेळा द्यायची यालाही बंधन नाही, त्यामुळे दार उघडं असतं. पण आत जायचं की नाही ते पोराला ठरवू द्या, आणि निकालाच्या रात्री तर नाहीच. माझ्या मुलीने ठरवायला पंधरवडा घेतला. त्या पंधरवड्यात घरात कोणी विषय काढायचा नाही, असं तिच्या पप्पांनी सगळ्यांना बजावलं होतं. त्यांना स्वतःला ते पाळणं सगळ्यांत जड गेलं, पण त्यांनी पाळलं. सोळाव्या दिवशी तीच चहा घेऊन आमच्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, ‘पप्पा, सीईटी सेलच्या नोंदणीला कागद कोणते लागतात, बघूया का?’